वर्षाच्या चटणीचं दगडफूल: सुटं, पाकीट, सेट की पूड?

फेब्रुवारीत नवी मिरची उतरली की साताऱ्यात मोती चौकाच्या आसपास आणि सांगलीत गणपती पेठेत खड्या मसाल्याची पोती दुकानाच्या तोंडाशी येतात. मिरचीचं देठ, धन्याचा रंग, खोबऱ्याची वाटी, सगळं हातात घेऊन बघितलं जातं. दगडफुलाच्या वेळी मात्र "टाका त्यातच पन्नास ग्रॅम" एवढ्यावर काम भागतं. चटणीच्या सामानात हातानं निवडायचा सर्वांत जास्त कचरा याच जिनसात निघतो, भाजताना सर्वांत लवकर हाच जळतो, आणि चटणी कडवट झाली की बोल मात्र मेथीला किंवा मिरचीला लागतो.

या दोन्ही बाजारांत दगडफूल चार तऱ्हांनी मिळतं: पोत्यातलं किंवा बरणीतलं सुटं, २५-५० ग्रॅमचं बंद पाकीट, किलोभर मिरचीच्या हिशेबानं बांधलेल्या तयार सेटमध्ये, आणि पूड. निकाल आधीच सांगायचा तर सुटं पहिलं, पाकीट दुसरं, सेट तिसरा, तोही दगडफुलाची पुडी वेगळी बांधून मिळाली तरच. पूड घेऊच नये. आता कारणं.

दगडफूल हे फूल नाही, आणि पुष्कळदा दगडावरचंही नाही. ते शैवाक आहे, म्हणजे शैवल आणि कवक यांचा एकत्र संसार. कवक म्हणजे बुरशी घर बांधते आणि ओल धरून ठेवते, आतलं हिरवं शैवल उन्हावर अन्न तयार करतं. मुळं नाहीत, खोड नाही. लागणारं पाणी आणि क्षार बहुतेक सगळे पाऊस, धुकं आणि हवेतूनच येतात. वाढ वर्षाला काही मिलिमीटर, त्यामुळे तळहाताएवढा तुकडा व्हायला दहा-वीस वर्षं सहज लागतात. किराणा दुकानात आपण पन्नास ग्रॅम म्हणून जे उचलतो ते एवढ्या संथ गतीनं वाढलेलं असतं.

मसाल्याच्या दगडफुलात शास्त्रीय नाव सांगितलं जातं ते पार्मोट्रेमा पर्लाटम, जुन्या पुस्तकांत पार्मेलिया पर्लाटा. प्रत्यक्षात पोत्यात ही एकटी जात क्वचितच असते. तिची भावंडं, एव्हर्निॲस्ट्रम नावाची पट्ट्यापट्ट्यांची जात, कधी रामालिना, कधी अस्निया, असा मिसळीचा माल येतो, कारण गोळा करणारा झाडाची साल खरवडतो तेव्हा त्या सालीवर जे जे असेल ते सगळं निघतं. ही भेसळ नव्हे, मालाचा स्वभावच तो. पण मिसळीत काय किती आहे यावर चव ठरते, म्हणून बघून घ्यायचं.

हा माल येतो थंड, ओलसर आणि स्वच्छ हवेच्या डोंगरांतून. हिमालयात साधारण १,५०० ते २,५०० मीटरच्या पट्ट्यात, बांज म्हणजे तिकडच्या ओकच्या खरबरीत सालीवर तो दाट येतो. कुमाऊँ-गढवालमध्ये त्याला झूला म्हणतात, आणि उत्तराखंड वनविकास निगमाच्या रामनगर, टनकपूर, ऋषिकेश इथल्या जडीबुटी मंडयांत त्याचा लिलाव होतो. दक्षिणेत निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत हीच कुळी आहे, तमिळमध्ये कल्पासी. सांगलीकरांना जवळचं नाव कन्नडमधलं, कल्लुहूवु, म्हणजे शब्दशः दगडाचं फूल. हिंदी मुलखातून आलेल्या पोत्यावर छडीला किंवा पत्थरफूल लिहिलेलं दिसेल. सगळं एकच.

म्हणून "आपलं महाबळेश्वरचं आहे बघा" हे वाक्य ऐकलं की सावध व्हावं. महाबळेश्वरला शैवाकं नाहीत असं अजिबात नाही. विल्सन पॉइंटची उंची १,४३८ मीटर, वर्षाचा पाऊस साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात, आणि पावसाळ्याचे चार महिने धुकं. अंजन, जांभूळ, हिरडा यांच्या सालीवर राखाडी पानासारखी, फांद्यांच्या टोकाला दाढीसारखी लोंबणारी, आणि जांभ्यावर चिकटून बसलेली पांढरी-पिवळी, अशा तिन्ही तऱ्हा तिथे एका फेरीत दिसतात. पण याच घाटमाथ्यावरचं कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहेत, कासचं पठार २०१२ पासून जागतिक वारशात, आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय वनोपज काढणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. तेव्हा दुकानदाराचं म्हणणं खरं असेल तर तो माल घेऊ नये, आणि खोटं असेल तर 'महाबळेश्वरी' म्हणून वाढवलेले पैसे देऊ नयेत. दोन्ही बाजूंनी उत्तर एकच निघतं.

घाटमाथा सोडून पूर्वेला उतरलं की चित्र बदलतं. माण-खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात पाऊस ५०० मिलिमीटरच्या आसपास आणि ऊन कडक. तिथे काळ्या दगडावर दिसतात ते बहुतेक चिकट थराचे डाग, नखानं निघत नाहीत आणि मसाल्याच्या कामाचेही नाहीत. कुणी हौसेनं रस्त्याकडेच्या आंब्या-लिंबाच्या झाडावरचं राखाडी काहीतरी खरवडून आणून "हेच ते" म्हणत असेल तर ते भांड्यात टाकू नये. शैवाक सगळं हवेतून घेतं, आणि धुरातले, धुळीतले जड धातूही तसेच साठवतं. शहरातल्या हवेची तपासणी करायला शैवाकं वापरतात ती याच गुणामुळे. शिवाय सगळी शैवाकं खाण्यालायक नसतात. युरोप-अमेरिकेत एक पिवळंजर्द विषारी शैवाक आहे, पूर्वी लांडगे मारायला वापरत.

आता माल हातात घेऊन कसा बघायचा. ओंजळभर सुटं दगडफूल पांढऱ्या कागदावर पसरा. चांगला तुकडा रुंद असतो, कडा गोलसर आणि किंचित वर वळलेल्या, पाकळीसारख्या. वरची बाजू राखी, हिरवट झाकेची. उलटा केला की काळा, आणि कडेला बोटभर नाही पण तांदळाच्या दाण्याएवढी तपकिरी, जरा चकाकणारी पट्टी. मध्यभागी काळे आखूड तंतू, यांनीच तो सालीला धरून असतो. पर्लाटम असेल तर कडेला बारीक राखाडी पीठ चोळल्यासारखं दिसतं आणि एखाद-दुसरा काळा केस. वरून राखी, खालून काळं, हे दुरंगीपण स्पष्ट दिसलं पाहिजे. दोन्ही बाजूंनी एकसारखा विटका पिवळट असेल तर तो तुकडा रामालिनाचा किंवा फार जुना.

अरुंद, दोन-पाच मिलिमीटरच्या, पन्हळीसारख्या आत वळलेल्या पट्ट्या आणि त्यांच्या कडेनं काळ्या केसांची ओळ, हे एव्हर्निॲस्ट्रम. मसाल्याला चालतं, पुष्कळ घरांत तेच खाल्लं जातं, पण पट्ट्यांत माती अडकून राहते म्हणून निवडायला दुप्पट वेळ. पिवळट हिरव्या दोऱ्यांचा गुंता दिसला तर एक दोरा ओलवून हळू ओढा: बाहेरचं कवच तुटून आत पांढरा, रबरासारखा ताणणारा धागा दिसला की तो अस्निया. तो काढून टाकावा. त्यातलं अस्निक आम्ल जास्त प्रमाणात यकृताला बाधतं. एखाद-दुसऱ्या दोऱ्यानं काही होणार नाही, पण ओंजळीत चार-पाच गुंते निघाले तर ते पोतंच सोडून द्यावं.

चिकित्सक वाचकासाठी एक प्रयोग. तुकड्याची वरची राखी साल नखानं खरवडा, आत पांढरा गर दिसेल. त्यावर कपडे धुण्याच्या ब्लीचचा एक थेंब. गर लगेच रक्तासारखा लाल झाला तर ती पार्मोट्रेमा टिंक्टोरम, सह्याद्रीत सगळीकडे दिसणारी जात. पर्लाटमचा गर लाल होत नाही. प्रयोगाचा तुकडा फेकून द्यायचा, हे सांगायला नको.

मग आवाज. कोरडं दगडफूल मोडताना कुरकुर वाजतं, पापडासारखं. वाकतं आणि मोडत नाही, चामड्यासारखं लागतं, तर त्यानं हवेतली ओल ओढली आहे. दुकानदार "कोवळं आहे" म्हणेल. कोवळं वगैरे काही नसतं. ओल घेतलेल्या मालात दोन तोटे: वजनात पाण्याचे पैसे जातात, आणि पोत्यात तळाला बुरशीचा कुबट वास धरलेला असतो. कच्च्या चांगल्या दगडफुलाला जवळजवळ वास नसतो, फार तर पावसाळ्यातल्या लाकडाचा. म्हणून नाकाला काहीही ठळक जाणवलं, कुबट, धुराचं किंवा शेजारच्या पोत्यातल्या लवंगेचं, तर ते दगडफुलाचं नाही.

सुट्या मालाची खरी किंमत निवडल्यावर कळते. १०० ग्रॅम घेतलं आणि साल, काड्या, शेवाळ, चुरा काढून ७० ग्रॅम उरलं तर भाव दीडपटीच्या जवळ गेला. किलोला ७०० रुपये म्हणून घेतलेलं किलोला १,००० ला पडलं. हा नुसता हिशेबाचा नमुना, पण दोन दुकानांतला फरक बघायचा असेल तर दोन्हीकडून २५-२५ ग्रॅम घेऊन, निवडून, पुन्हा काट्यावर ठेवावं. स्वस्त दिसणारं पोतं बहुतेक वेळा इथेच हरतं. गणपती पेठेसारख्या घाऊक बाजाराचा फायदा भावात तेवढा नाही, जेवढा उलाढालीत आहे: मार्चमध्ये पोतं भराभर संपतं, म्हणून माल ताजा. गल्लीतल्या दुकानात बरणी वर्षभर तीच असते. तिथे दिवाळीनंतर घेऊ नये.

बंद पाकिटात कचरा कमी आणि ओलीचा धोका कमी, एवढे दोन गुण नक्की. दोष असा की पाकीट हाताळणीत चुरडतं आणि पारदर्शक नसेल तर आत पानं आहेत की भुगा ते कळत नाही. खालच्या कोपऱ्याला बोटानं चाचपावं. रवाळ लागलं तर ठेवून द्यावं. पॅकिंगची तारीख आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक नसलेलं पाकीट म्हणजे पोत्यातलाच माल, फक्त प्लॅस्टिक घातलेला. २५ ग्रॅमचं पाकीट वर्षाच्या आमटी-रश्शाला पुरतं. चटणी करायची असेल तर सुटंच परवडतं.

सेटबद्दल मत जरा कडक आहे. 'एक किलो मिरचीचं सामान' म्हणून बांधलेल्या पिशवीत धने, मसाला वेलची, दालचिनी, बदामफूल, हळकुंड यांच्याखाली दगडफूल चेपलं जातं आणि घरी येईपर्यंत तळाला काळा भुगा. त्या भुग्यात दगडफूल किती, साल किती, धन्याची माती किती, हे देवालाच ठाऊक. शिवाय प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा असतो आणि हा भुगा वेगळा काढता येत नाही, तो धन्याबरोबर कढईत जातो आणि जळतो. सेटमधलं कडवटपण बरंचसं इथून येतं. काही सेटांत दगडफूल हलकं म्हणून आकारानं भरपूर दिसतं आणि वजनात पाच ग्रॅमही भरत नाही. पुडी सोडवून काट्यावर ठेवायला सांगावं. वाईट वाटून घेणारा दुकानदार असेल तर दुसरं दुकान चार पावलांवर असतं.

दळून विकतात त्या पुडीच्या बाजूनं सांगण्यासारखं काहीच नाही. निवडलं होतं की नाही ते कळत नाही, दुरंगीपण दिसत नाही, आणि न भाजता दळलेली असेल तर वास सुटलेलाच नसतो.

प्रमाण. कांदा-लसूण चटणीला एक किलो मिरचीमागे निवडलेलं १५ ते २० ग्रॅम. गोड्या मसाल्याला अर्धा किलो धन्यामागे १० ग्रॅम. अख्ख्या मसूराला किंवा मटणाच्या रश्शाला चौघांच्या हिशेबानं दोन बोटं रुंदीचा एक तुकडा, फोडणीत तेल तापल्यावर पहिल्यांदा. हात सैल सुटला की रस्सा काळसर पडतो आणि जिभेवर मातकट तुरटपणा बसतो, तो गूळ घालूनही जात नाही. चटणीत ३० ग्रॅमच्या वर गेलेली घरं पुढच्या वर्षी दगडफूलच बंद करतात. त्यात दगडफुलाचा दोष नाही.

निवडायचं ते कागदावर, भरपूर उजेडात, पंखा बंद करून. आधी मोठी पानं हातानं उचलून बाजूला. पाठीला चिकटलेली साल नखानं सोलून काढायची. हिमालयातल्या मालात साल आणि पाइनच्या सुया हमखास असतात, त्या नाही काढल्या तर चटणीत राळेचा वास येतो. हिरवट मऊ शेवाळ वेगळं. उरलेलं रव्याच्या चाळणीतून चाळायचं, खाली पडेल ती माती आणि चुरा, तो वापरायचा नाही. सूप मात्र वापरू नये, दगडफूल कचऱ्याहून हलकं, पाखडलं की माल उडतो आणि खडे राहतात. धूळ नाकात गेली की शिंका येतात, काहींच्या हाताला खाज सुटते. शैवाकातल्या द्रव्यांची ॲलर्जी खरोखर असते. तोंडाला फडकं बांधावं.

धुवावं का, हा दरवर्षीचा वाद. शक्यतो नाही. शैवाक पाणी स्पंजासारखं पितं, वजनाच्या दुप्पट-तिप्पट, आणि वरून कोरडं दिसलं तरी आत ओल ठेवतं. तीच ओल वर्षाच्या चटणीला बुरशी आणते. फारच माती असेल तर चाळणीत घेऊन वाहत्या पाण्याखाली पटकन धरावं, झटकावं, आणि फडक्यावर सावलीत दोन दिवस. मोडून कुरकुर वाजलं तरच पुढे.

भाजणं ही यातली सगळ्यात नाजूक जागा. दगडफुलाचं पान मिलिमीटरच्या अंशाएवढं पातळ. जाड दालचिनी तापायला जेवढा वेळ घेते तेवढ्यात हे कोळसा होतं. म्हणून सगळा खडा मसाला झाल्यावर, शेवटी, गॅस बारीक करून. २० ग्रॅमला एक चहाचा चमचा तेल पुरे. पानं घालून सतत हलवायची. साधारण अर्ध्या मिनिटात पानं आक्रसतात, राखी रंग तपकिरीकडे झुकतो आणि एकदम वास उठतो, ओल्या लाकडाचा, थोडा धुरकट. वरच्या सालीतल्या ॲट्रानोरिनसारख्या द्रव्यांतून गंधाचे घटक सुटतात ते उष्णतेनं, म्हणून कच्च्याला वास नाही आणि फोडणीतल्याला एवढा. वास उठला की लगेच ताटात काढायचं, कढईत ठेवून गॅस बंद केला तरी तळ गरम असतो. कडा काळ्या होऊन धूर निघाला तर ती पानं टाकून द्यावीत, वाचवायला जाऊ नये: २० ग्रॅम वाचतील आणि दोन किलो चटणी कडू होईल.

मिक्सरला लावताना गार झालेलं दगडफूल धन्याबरोबर दळावं. धन्याच्या खरबरीतपणानं पानं भरडली जातात. खोबऱ्याबरोबर घातलं तर तेलानं पानं चिकटतात आणि चटणीत काळे पापुद्रे राहतात. कांडपाला देणार असाल तर दगडफूल खोबऱ्याच्या डब्यात न टाकता वेगळ्या पुडीत द्यावं आणि धन्याबरोबर घालायला सांगावं. गर्दीच्या दिवसांत कांडपवाला ऐकतोच असं नाही, समोर उभं राहावं लागतं.

उरलेलं न भाजता, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधारात. सांगलीच्या उन्हाळ्यात काही होत नाही, पण जूननंतर झाकण सैल राहिलं तर आठ दिवसांत चामडं होतं. तसं झालं तर उन्हात न घालता कोमट तव्यावर, गॅस बंद करून, पाच मिनिटं ठेवावं. कुबट वास आला असेल तर मात्र तवाही उपयोगाचा नाही. आणि पुढच्या फेब्रुवारीत नवं घ्यायला जाल तेव्हा जुन्यातलं एक पान खिशात असू द्या. दुकानातल्या पानाशेजारी धरलं की रंग बघायला दुसरं काही लागत नाही.